पुष्पांजलीचं पान

पुष्पांजलीनं डाळीच्या पातेल्यावरचं झाकण उचललं, तसं मनकर्णाबाईंनी ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"राहू दे वं. अश्विनी करन."

आवाज कडक नव्हता. सासूचा आवाज इतका मऊ तिनं क्वचितच ऐकला होता, म्हणून आधी तिला काही कळलंच नाही. तिनं पुन्हा हात पुढे केला. मनकर्णाबाईंनी पातेलं उचलून पलीकडे, धाकट्या जावेपुढे ठेवलं. अश्विनीनं वर पाहिलं नाही. ती खाली मान घालून गूळ चिरत राहिली.

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस होता. जानेफळातल्या या घरी लक्ष्म्या मनकर्णाबाईंच्या आजेसासूपासून येत होत्या आणि त्यांचं पुरण ज्या सुनेच्या हाती, तिच्या हाती घर असं मानलं जायचं. मनकर्णाबाईंचे गुडघे गेले त्या साली त्यांनी ते पुष्पांजलीकडे दिलं. तेव्हा मुलगा, प्रेम, तिच्या पोटात होता. आता प्रेमला मिशा आल्या होत्या आणि नाशकात नोकरी होती. मध्ये एकच साल चुकलं होतं, गेल्या वर्षीचं. गेल्या महालक्ष्म्यांना पुष्पांजली संभाजीनगरच्या दवाखान्यात होती.

"मले झेपते, आत्याबाई," ती म्हणाली. "डॉक्टरनं सांगितलं ना, सगळं करा म्हणून."

"डॉक्टरले काय माहीत आपल्या घरचं?"

भाज्या निवडत बसलेली नणंद लगेच मध्ये पडली. सुचिता लग्नानंतर पुण्याची झाली होती आणि बोलणंही तिकडचंच झालं होतं. "वहिनी, आई तुझ्या चांगल्यासाठीच म्हणतेय. एवढं मोठं ऑपरेशन झालंय. जरा आराम कर ना."

आराम. काल संध्याकाळी लक्ष्म्यांचे मुखवटे उंबऱ्यातून आत आणायच्या वेळीही हेच म्हणाले होते सगळे. दम लागन तुले, तू बस. तिनं खरं मानलं होतं. अश्विनीनं मुखवटे आणले, सुचितानं हळदी-कुंकवाची पावलं काढली, आणि ती भिंतीशी खुर्चीत बसून सगळ्यांसारखे हात जोडत राहिली होती. आता, झाकणाची वाफ हाताला लागल्यासारखं, तिला एकदम कळलं.

"आत्याबाई, खरं सांगा. दमाचं कारण आहे का दुसरं?"

"आता तोंडानं वदवून घेतं का?" मनकर्णाबाईंनी पदर सारखा केला. "पोटावर ते घेऊन देवाच्या सैपाकात कसं चालन? सोवळ्याचं आहे सगळं. घाण असते ती."

"घाण कोणाच्या पोटात नसते?"

"पोटात असते. पोटावर नसते."

अश्विनीची सुरी थांबली. सुचिता हातातल्या शेंगेकडे बघत राहिली. पहाटे उठून पुष्पांजलीनं पोटावरची पिशवी बदलली होती, जखमेसारख्या लालबुंद दिसणाऱ्या त्या तोंडाभोवतीची चामडी कोमट पाण्यानं पुसली होती, डोक्यावरून नाहली होती, कोरं लुगडं नेसली होती. परकराची नाडी नेमकी त्याच जागी काचते म्हणून रुंद पट्ट्याचा परकर तिनं स्वतः शिवला होता. या घरात आज तिच्याइतकं स्वच्छ कोणी नव्हतं.

ती स्वयंपाकघरातून बाहेर पडली. कोणी थांबवलं नाही.

*

अंगणात नारायणराव मांडवाखाली पंगतीच्या पट्ट्या अंथरत होते. बायकोचा चेहरा पाहून त्यांनी पट्टी तशीच सोडली.

"तुमाले माहीत होतं?" तिनं विचारलं.

"काय?"

"मले सैपाकात घ्यायचं नाही म्हणून."

ते इकडेतिकडे बघायला लागले. म्हणजे माहीत होतं.

"आईचं वय झालं आता," ते हळू म्हणाले. "एका दिवसाचा सवाल आहे. काऊन वाद करून राह्यली? उद्या विसर्जन झालं का मंग तूच आहे सैपाकात."

"रोजच्या भाकरी चालतात माह्या हातच्या. कोठ्यातलं शेण चालते. फक्त देवीपुढं मी घाण?"

"असं कोणी म्हटलं?"

"तुमच्या आईनं म्हटलं. आत्ताच. अन् तुमीबी म्हणता, फक्त तोंडानं नाही." ती थांबली. आवारात शेजारची माणसं होती, तिनं आवाज खाली आणला. पण तो खाली येता येता जास्तच धारदार झाला. "दवाखान्यातून आल्यापासून तुमी बैठकीत झोपता. आधी म्हटलं, रातची लाईट येते, वावरातली मोटर चालू कराले जा लागते. आता पावसाळा आहे. आता कोणती मोटर आहे?"

नारायणराव सोडलेली पट्टी पुन्हा सरळ करायला लागले.

हा माणूस वाईट नव्हता, हेच तर पुष्पांजलीला जास्त लागत होतं. जानेफळहून संभाजीनगरला तिला लाईट, म्हणजे रेडिएशन, द्यायला नेताना हाच माणूस गाडीत तिच्या पाठीशी उशी लावून बसायचा. किमोनं तोंड आलं तेव्हा पेजेत दूध घालून चमच्यानं भरवायचा. ऑपरेशनला नेताना त्याला तिचा हात सोडवेना म्हणून नर्स रागावली होती. मरायला टेकलेली बायको त्याला सांभाळता आली. जगलेली बायको कुठं ठेवायची, हे मात्र त्याला कळत नव्हतं.

"मी त्या वक्ती मेली असती," ती म्हणाली, "तर माह्या फोटोले हार घालून देवघरात ठेवलं असतं तुमी. जगली म्हणून बाहेर."

"अवं, काहीबाही बोलू नको सणाच्या दिवशी."

"सण तुमचा आहे. मले कुठं आहे?"

*

तिच्या खोलीत पाट मांडलेला होता. शेजारी तांब्या-भांडं, आणि केळीच्या पानाचा एक तुकडा. सुचितानं तिच्यासाठी जेवायची सोय तिथं करून ठेवली होती.

ती मागोमाग आलीच. "वहिनी, रागावू नकोस. तुझं ताट मी इकडेच आणते. शांतपणे जेव. बाहेर इतक्या बायका, मध्येच वास-बिस, आवाज-बिवाज झाला तर तुलाच अवघडल्यासारखं होईल. मी तुझाच विचार केला."

"वास येते का आत्ता?"

"नाही गं. पण..."

"मंग?"

सुचिता पलंगावर बसली. "मी आईला समजावलं होतं. पिशवी बंद असते, काही होत नाही म्हणून. ती ऐकत नाही. आणि खरं सांगू का, तुझी गर्भपिशवी काढली असंच मी बायकांना सांगितलंय. प्रेमचं लग्न व्हायचंय. कॅन्सर म्हटलं की लोक पोरगी देताना दहादा विचार करतात. ते पोटावरचं कळलं तर विचारूच नको."

पुष्पांजली तिच्याकडे बघत राहिली. सासूनं निदान तोंडावर सांगितलं होतं. या शिकलेल्या नणंदेनं दया दाखवत दाखवत तिचा आजारसुद्धा तिच्याकडून काढून घेतला होता. दुसराच आजार देऊन टाकला होता, लोकांना बरा वाटेल असा.

"मले विचारलं तुमी?"

"काय?"

"माह्या अंगाबद्दल लोकाइले काय सांगायचं, ते मले विचारलं का?"

"तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही आज," असं म्हणून सुचिता उठली आणि जाताना दार ओढून गेली. हळूच, आजारी माणसाचं ओढतात तसं.

पुष्पांजलीला वॉर्डातली शबाना आठवली. साखरखेर्ड्याची, तिच्याच शेजारच्या खाटेवरची, पोटावर तशीच पिशवी. घरी गेल्यावर तिच्या सासरी कोणी म्हणालं होतं, आता नमाज कशी होईन. शबाना सरळ मौलानांकडे गेली. ते म्हणाले, बेटी, दर नमाजेला नवा वजू कर, हातपाय-तोंड धू आणि पढ, बीमाराला अल्ला अडवत नाही. फोनवर हे सांगताना शबाना मोठ्यानं हसली होती. पुष्पांजलीला आज तिचा हेवा वाटला. तिला विचारायला कोणी होतं तरी. इथं कोणाला विचारायचं? इथं नियम सांगणारी आणि नियम मोडला का ते बघणारी बाई एकच होती.

दार किलकिलं झालं. अश्विनी आत आली, कपाळावर घाम, हाताला पिवळं पुरण.

"ताई," ती कुजबुजली, "पुरण पातळ झालं. गूळ टाकला अन् पाणीच सुटलं सगळं. बाया येऊन राह्यल्या. आता काय करू? आत्याबाई म्हणे, तिले विचारून ये."

"कोण म्हणे?"

"आत्याबाई."

पुष्पांजली उठून उभी राहिली.

"माहं डोकं चालते, हात चालत नाही?"

"ताई, मले काऊन बोलता? मी काय केलं?"

"तू काही केलं नाही. तेच तर." मग त्या घाबरलेल्या पोरीच्या चेहऱ्याकडे पाहून ती जरा थांबली. "कट पुरता निथळला नसन तू. चाल."

*

स्वयंपाकघराच्या दारात मनकर्णाबाई आडव्या उभ्या राहिल्या. पलीकडच्या बैठकीत बायका जमल्या होत्या, बांगड्यांचा आणि बोलण्याचा आवाज येत होता. त्यातल्या दोघीतिघी इकडे बघायला लागल्या.

"तिथूनच सांग काय करायचं ते."

"मी आत येतो."

"पुष्पा, माह्या घरात माह्या डोळ्यादेखत विटाळ होऊ द्याची नाही मी."

विटाळ. भरल्या घरात, बायकांच्या कानावर जाईल असा. पुष्पांजलीनं तोंड उघडलं. जिभेच्या टोकाशी एक वाक्य आलं होतं, आणि ते वाक्य बाहेर पडलं असतं तर म्हातारी पुन्हा कधी या दारात ताठ उभी राहू शकली नसती. मनकर्णाबाईंनी ते ओळखलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला आणि हात आपोआप स्वतःच्या ओटीपोटापाशी गेला.

पुष्पांजलीनं तो हात पाहिला. वाक्य तिनं गिळलं.

"आत्याबाई, जरा खोलीत या."

खोलीत येऊन तिनं दार लावलं. मग ती बोलली, पण इतक्या हलक्या आवाजात की दाराला कान लावला तरी ऐकू जाऊ नये.

"तुमचं अंग बाहेर येते. किती सालापासून ते मले माहीत आहे. खोकलं तरी लुगडं भिजते. फडकी कोण धुते तुमची? मी धुतो. सगळे झोपले का धुतो अन् कोठ्याच्या मागं वाळू घालतो, कोणाले दिसू नाही म्हणून. तुमच्या लेकाले माहीत नाही, सुचितालेबी नाही. अन् दर साली त्याच अंगानं तुमी लक्ष्म्याइपुढं नैवेद्य ठेवला. मी कधी म्हटलं, विटाळ होते?"

मनकर्णाबाई पलंगाच्या कडेवर बसल्या.

"ते वेगळं आहे," त्या म्हणाल्या.

"काय वेगळं?"

"ते लपते."

पुष्पांजलीला हसू आलं, आणि हसताना डोळे भरले. "म्हंजे लोकाइले माहीत झाल्यानं विटाळ होते? देवीले माहीत नव्हतं?"

"तू सांगशीन का बाहेर?" म्हातारीचा आवाज अगदी बारीक झाला होता.

या प्रश्नाचा पुष्पांजलीला जितका राग आला तितका सकाळपासून कशाचाच आला नव्हता. इतकी सालं फडकी धुतली त्याचा हा अर्थ लावला होता बाईनं!

"नाही सांगत. तुमी मले सैपाकात घेतलं तरी नाही, न घेतलं तरी नाही. हा सौदा नाही, आत्याबाई. पण मी या खोलीत बसणार नाही."

पाटापुढचं केळीचं पान तिनं उचललं आणि दार उघडून बाहेर पडली. मनकर्णाबाई तिथंच बसून राहिल्या.

ती सरळ चुलीपाशी गेली. अश्विनीनं निमूट जागा करून दिली. पुष्पांजलीनं पुरण जाड बुडाच्या कढईत ओतलं, आच बारीक केली आणि ढवळत राहिली. किमोपासून तिच्या बोटांची टोकं बधिर होती, उलथणं नीट धरलंय की नाही ते बघून खात्री करावी लागायची. तिनं दोन्ही हातांनी धरलं. हळूहळू पुरण आळलं, कडा सोडायला लागलं. सुचिता दारात येऊन उभी राहिली, काही म्हणणार होती, पण अश्विनीनंच तिला म्हटलं, "ताई, तुमी जरा पोळपाट द्या इकडं." आणि पोळपाट आला.

*

नैवेद्याच्या वेळी मनकर्णाबाई बाहेर आल्या. सुनेकडे न बघता लक्ष्म्यांपुढे उभ्या राहिल्या. दोन्ही लक्ष्म्या हिरव्या शालूत, वर फुलोरा टांगलेला, पुढे पुरणपोळ्या, आंबील, सोळा भाज्यांची वाटी. ताटाभोवती पाणी फिरवायला नारायणराव वाकले आणि घर एकदम गप्प झालं.

त्या शांततेत तिच्या पोटातून आवाज झाला.

ती वेळ, ती जागा तिच्या हातात नव्हती. तिथं आवळून धरायला काही उरलंच नव्हतं. आवाज झाला तो सरळ सगळ्यांच्या कानावर गेला. सुचितानं लगबगीनं घंटी उचलली. नारायणराव जोरात खोकले, मग पुन्हा खोकले.

"खोकू नका," पुष्पांजली म्हणाली.

नारायणरावांच्या हातातलं पाणी ताटाबाहेर सांडलं.

"आवाज माह्या पोटाचा आहे. तुमी खोकून झाकू नका." ती बायकांकडे वळली. "माही गर्भपिशवी नाही काढली. मले संडासच्या जागेचा कॅन्सर झाला होता. ती जागा काढून टाकली. आता पोटावरून होते, पिशवीत. जन्मभर तसंच राहीन. आवाज आला तर मले थांबवता येत नाही. चोरी नाही केली मी. अन् हा सैपाक माह्या हातचा आहे. ज्याले खायाचा त्यानं खावा."

नारायणरावांनी नैवेद्य पुरा केला. आरती झाली, पण तिला सूर लागला नाही.

अंगणात सवाष्णींची पंगत बसली तेव्हा पुष्पांजलीनं हातातलं पान पंगतीत मांडलं आणि त्यापुढे बसली. डावीकडची अश्विनीच्या माहेरची एक बाई उठली. आज माझा उपास आहे, विसरलेच होते, असं म्हणत चपला शोधायला लागली. पुष्पांजलीनं मनकर्णाबाईंकडे पाहिलं. त्यांनी एक शब्द टाकला असता तर ती बाई बसली असती. त्या आत, उघड्या दारातून दिसतील अशा, लक्ष्म्यांच्या समईत तेल घालत होत्या. समई भरलेली होती तरी घालत होत्या.

पुष्पांजलीनं तो न बोललेला शब्द काही मनातून माफ केला नाही.

उजवीकडे सिंधूताई होत्या, गल्लीतल्या सगळ्यांत वयस्कर सवाष्ण. त्यांनी मोकळ्या झालेल्या जागेकडे पाहिलं, मग तिच्या पोटाकडे, अगदी उघड.

"दुखते का वं ते?"

आजवर हे तिला घरातल्या कोणी विचारलं नव्हतं.

"ते नाही दुखत, सिंधूताई. त्याले जीवच नाही. बाकी दुखते."

"हं," सिंधूताई म्हणाल्या आणि आंबिलीची वाटी जवळ ओढली.

नारायणराव पोळ्या वाढायला निघाले. बायका हात आडवे धरत होत्या, आणि ते प्रत्येकीपुढे वाकून मोठ्यानं म्हणत होते, "घ्या हो, एक तर घ्याच, देवीचा प्रसाद आहे, अशी कशी उठू देतो मी!" तूप धारेनं पडत होतं. सिंधूताईंच्या पानात त्यांनी दुसरी पोळी टाकलीच. पुष्पांजलीपाशी येऊन त्यांनी एक पोळी गुपचूप ठेवली, तुपाची नुसती थेंबडी सोडली आणि पुढे सरकले.

"थांबा."

ते थांबले.

"मले काऊन विचारलं नाही?"

"तुले जास्त चालत नाही ना," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मंग त्रास होते तुले. पिशवी..."

"ते मी पाहीन. तुमी विचारा."

नारायणराव माघारी फिरले. पोळीचं ताट त्यांनी दुसऱ्या हातात घेतलं, वाकले. "घे," ते पुटपुटले.

"असं नाही. या सगळ्याइले म्हटलं तसं म्हणा."

पंगतीतले हात थांबले होते. नारायणरावांचे कान लाल झाले. त्यांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा बायकोकडे.

"घ्या हो," ते म्हणाले. मग पुन्हा, मांडवाबाहेर ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले, "एक तर घ्याच! अशी कशी उठू देतो मी!"

पुष्पांजलीनं पानावर हात आडवा धरला नाही.

"वाढा," ती म्हणाली. "अन् तूप नीट वाढा."